चिठ्ठी नसलेली कुपी

डॉक्टरांनी सहा कुप्या दिल्या आहेत.
चिठ्ठ्या मी चिकटवल्या, माझ्या वाकड्या अक्षरात:
गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी,
रोजमेरी, संत्र्याची साल.
सकाळी तीन, रात्री तीन, वीस वीस सेकंद.
नाकाचा व्यायाम, म्हणाले, डोकं गंजू नये म्हणून;
खात्री देत नाही,
पण अपाय तरी काही नाही.

नीवेसबाई खुर्चीत ताठ बसतात,
शाळेत लस टोचून घ्यायला बसावं तशा.
‘काय आहे?’
‘साबण.’
‘गुलाब आहे, नीवेस.’
‘मग गुलाबाला साबणाचा वास येत असेल.’
लिंबू: साबण. निलगिरी: दवाखाना.
लवंगेला नुसतं नाक मुरडणं.
मी वहीत लिहिते: नाही. नाही. नाही.

बाहेर बोरा सुटलेला, काचा थडथडतात.
त्रिएस्तेत वाऱ्यालाही नाव आहे
आणि लहान पोरालाही ते पाठ आहे.
रविवारी मुलगा येऊन गेला.
‘सभ्य माणूस होता,’ बाई म्हणाल्या,
‘गॅसचं बिल घेऊन आला होता का?’

जिन्यात एजिदिओ भेटला, बंदरावरचा जुना हमाल.
तुझी बाई कॉफी निवडायची, ठाऊक आहे?
गोदामात चाळीसजणी, लांबच लांब टेबलं,
काळी बी वेगळी, किडकी वेगळी, खडा वेगळा.
मी म्हटलं, मग उद्या कॉफी भाजते.
त्याने बोट उगारलं:
भाजलेली लोकांकडे.
आमच्याकडे कच्ची.

दुसऱ्या दिवशी त्याने तागाच्या पोत्याचा तुकडा दिला
आणि कागदात ओंजळभर हिरव्या बिया.
काय वास तो! वाटाण्याच्या टरफलांचा, ओल्या गवताचा,
वर बोटीच्या तळाचा कुबटपणा.
याला मी चिठ्ठी लावली नाही.
काय लिहिणार?

बाई काहीच बोलल्या नाहीत.
उजवा हात मात्र उठला,
टेबलावर गेला, बियांत शिरला,
अंगठा आणि तर्जनी,
टिप, टिप,
जसं काही मधली पासष्ट वर्षं
कुणी बाजूला काढून ठेवली, किडकी म्हणून.
मग न बघताच:
‘एर्मीनिया, आज पुन्हा आपल्याच टेबलावर घाण माल.
सांग त्या मुकादमाला.’
मी लमारा.
‘सांगते,’ म्हटलं.

बाई बऱ्या झाल्या, असं कुणी समजू नये.
दुसऱ्या सकाळी गुलाब पुन्हा साबण.
मुलगा पुन्हा सभ्य.

माझी आई कुताइसीला असते.
फोनवर आता ती मला मावशीच्या नावाने हाक मारते.
पडद्यातून सगळं जातं:
माझा चेहरा, तिच्या गोळ्यांचे पैसे, नातवंडांची गाणी.
वास तेवढा जात नाही.
फोन ठेवला की मी डब्यातली पुडी उघडते,
आमच्याकडची निळी मेथी, तिनेच कुटलेली,
दोन वर्षांपूर्वी, हात चालत होते तेव्हा.
चिमूटभरच घेते. संपवायची नाही.

काल राजमा शिजवला, माझ्यापुरता.
बाईंना झोपवायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं,
बोटं नाकाशी नेली.
वीस सेकंद झाले असतील, मोजले नाहीत.
‘हे आमच्या गोदामातलं नाही,’ म्हणाल्या.
मग डोळे बारीक करून:
‘कुठली गं तू? कुणाची?’

तीन वर्षांत पहिल्यांदा.

मी पलंगाच्या कडेला बसले.
अर्धं इटालियनमध्ये सांगितलं, अर्धं कधी जॉर्जियन झालं
कळलं नाही.
आमची गल्ली, आईचा खल, पायरीवरची कोंबडी.
त्यांची बोटं चादरीवर निवडत होती,
टिप, टिप,
आणि मधूनच काहीतरी
माझ्या बाजूला सरकवत होती.